हौशी भाष्यकारांनी विचारावयाचा प्रश्न

अमेरिकेच्या अध्यक्षपदाची निवडणूक दर चार वर्षांनी नोव्हेंबरात होते. परंतु तिची चर्चा वर्ष-दीड वर्ष आधीच सुरू होते आणि ती त्या देशापुरती राहत नाही. महाराष्ट्रातील वृत्तपत्रांचे रकानेही त्या काळात तेथील वादविवादांनी व जनमत चाचण्यांनी भरून जातात. राजकारणात रस असलेला प्रत्येक वाचक मग हौशी भाष्यकार बनतो. यात गैर काही नाही. राजकारणाची चर्चा पगारी पंडितांवर सोपवून कोणतीही लोकशाही सुदृढ झालेली नाही. प्रश्न एवढाच आहे, की हा हौशी भाष्यकार पंडितांना न दिसणारे काही पाहतो काय, की त्यांचेच शब्द पुन्हा उच्चारतो?

या दृष्टीने २००८ सालची एक घटना आजही विचार करण्याजोगी आहे. 'हफिंग्टन पोस्ट' या संकेतस्थळाने त्या वर्षी 'ऑफ द बस' नावाचा उपक्रम चालविला होता. उमेदवारांसोबत बसगाड्यांतून फिरणाऱ्या व्यावसायिक वार्ताहरांऐवजी सामान्य नागरिकांनी प्रचाराचे वृत्त द्यावे, ही त्यामागील कल्पना. त्यात साठी ओलांडलेल्या मेहिल फाउलर सहभागी झाल्या होत्या. त्या स्वतः बराक ओबामांच्या समर्थक होत्या, त्यांनी प्रचारनिधीस देणगीही दिली होती. ६ एप्रिल रोजी सॅन फ्रान्सिस्कोत धनिक देणगीदारांपुढे ओबामांनी केलेले भाषण त्यांनी ध्वनिमुद्रित केले. त्या सभेस पत्रकारांना प्रवेश नव्हता. पेनसिल्व्हेनियातील लहान गावांमधून २५ वर्षांपूर्वी रोजगार निघून गेले, त्यांच्या जागी दुसरे काहीच आले नाही; म्हणून तेथील लोक कडवट होऊन बंदुकीला वा धर्माला चिकटून राहतात, अशा आशयाचे ओबामांचे विधान फाउलर यांनी ११ एप्रिलला प्रसिद्ध केले. स्वपक्षाच्या उमेदवाराला अडचणीत आणणारे वृत्त दडपून न ठेवणे, ही साधी गोष्ट नव्हती.

पुढे काय झाले? या विधानाचे दोन भाग होते. पहिला भाग अर्थकारणाचा, दुसरा मनोवृत्तीचा. मोठ्या वृत्तसंस्थांनी दुसरा भाग उचलला आणि २२ एप्रिलच्या पेनसिल्व्हेनियातील प्राथमिक निवडणुकीत ओबामांची किती मते घटतील, याचा काथ्याकूट आरंभिला. पहिल्या भागाकडे मात्र फारसे कोणी वळले नाही. वस्तुतः खरी बातमी तीच होती. २००० साली अमेरिकेच्या कारखान्यांत सुमारे १ कोटी ७३ लाख कामगार होते. २०१० च्या प्रारंभी ते सुमारे १ कोटी १५ लाखांवर आले. दहा वर्षांत कारखानदारीतील तिसरा हिस्सा रोजगार नष्ट होतो, ही गोष्ट कोणत्याही उमेदवाराच्या जयापजयाहून मोठी होती.

त्या दुर्लक्षाची किंमत २०१६ मध्ये कळून आली. हिलरी क्लिंटन यांना देशभरात २८ लाखांहून अधिक मते जास्त मिळाली. तरीही पेनसिल्व्हेनिया, मिशिगन आणि विस्कॉन्सिन या तीन जुन्या औद्योगिक राज्यांतील मिळून सुमारे ७८ हजार मतांच्या फरकाने डोनाल्ड ट्रम्प अध्यक्ष झाले. रोजगार हे या निकालाचे एकमेव कारण होते असे म्हणणे एकांगी ठरेल. वंशद्वेषाचा वाटाही त्यात होता. तथापि पंडितांना जो धक्का बसला, तो त्या गावांकडे पाहावयाचेच नाही या सवयीचा परिणाम होता.

ही सवय केवळ आळसातून आलेली नाही. तिच्यामागे हितसंबंध आहेत. अँड्र्यू टिंडल हे विश्लेषक तीन प्रमुख अमेरिकन दूरचित्रवाणी जाळ्यांच्या सायंकालीन बातम्यांची मिनिटे मोजत असत. त्यांच्या मोजणीनुसार धोरणविषयक प्रश्नांना २००८ साली २२० मिनिटे मिळाली, २०१२ साली ११४, आणि २०१६ साली ऑक्टोबरअखेरपर्यंत अवघी ३२. त्याच वर्षी फेब्रुवारीत सीबीएस कंपनीचे प्रमुख लेस मूनव्हेज यांनी, हा प्रचार अमेरिकेच्या हिताचा नसेलही, पण कंपनीच्या फार हिताचा आहे, असे उघडपणे सांगून टाकले. शर्यत दाखविणे स्वस्त असते आणि जाहिराती आणते. बंद गिरणीच्या गावात वार्ताहर ठेवणे महाग असते. बाजाराचा हा हिशेब आहे.

यावर असा आक्षेप घेतला जाईल, की हौशी मंडळींनी शर्यतीचे भाकीतही पंडितांहून चांगले केले. ते खरे आहे. बेसबॉलची आकडेमोड करणारे नेट सिल्व्हर यांनी २००८ मध्ये प्रारंभी टोपणनावाने लिहीत चाचण्यांचे गणित मांडले आणि ५० पैकी ४९ राज्यांचा कौल अचूक सांगितला. पंडितांच्या अंदाजबाजीचे पितळ त्यांनी उघडे पाडले, हे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. परंतु उत्तर सुधारले तरी प्रश्न तोच राहिला : जिंकणार कोण? या प्रश्नाची स्वाभाविक परिणती पैजेत होते. २०२४ च्या निवडणुकीत पॉलीमार्केट या एकाच बाजारात अध्यक्षपदाच्या निकालावर तीन अब्ज डॉलरहून अधिक रकमेची उलाढाल झाली. नागरिकाचा मतदार होतो, मतदाराचा प्रेक्षक, आणि प्रेक्षकाचा अखेर सट्टेबाज.

हौशी भाष्यकाराजवळ एक गोष्ट अशी आहे की जी वाहिन्यांजवळ नाही : त्याला जाहिरात विकावयाची नसते. म्हणून जो प्रश्न विकला जात नाही, तो त्याने विचारावा. उमेदवार देणगीदारांपुढे काय बोलला आणि कामगारांपुढे काय? त्याच्या करधोरणाचा लाभ कोणाला? बंद कारखान्याच्या गावाला तो काय देऊ करतो? आपल्या पक्षाच्या उमेदवाराबाबत हे प्रश्न अधिकच कसोशीने विचारावयाचे असतात. निवडणूक अमेरिकेची असो वा आपल्या तालुक्याची, कार्यकर्त्याने कोण जिंकणार याची चर्चा करण्यापूर्वी जिंकल्यावर कोणाचे काय होणार, हे शोधले पाहिजे. निकाल तर मतमोजणीनंतर सर्वांनाच कळतो.