वही एक, हात अनेक

बँकांमध्ये जाडजूड खतावण्या असत, त्या काळी व्याजाची आकारणी करण्यासाठी एखादा लिपिक खतावणी घेऊन बसला, की तिच्यातील खातेदारांना खिडकीपाशी ताटकळावे लागे. संगणक आले, खतावण्या गेल्या. पण हा पेच यंत्राच्या पोटात तसाच शिरला.

मेनफ्रेमवर दिवसा ग्राहकांचे व्यवहार आणि रात्री व्याज, हप्ते, ताळमेळ यांची घाऊक कामे, अशी वाटणी रूढ होती. रात्रीचे काम अवघी फाईल ताब्यात घेई आणि तोवर इतरांना थांबावे लागे. परंतु 16 डिसेंबर 2019 पासून एनईएफटी आणि 14 डिसेंबर 2020 पासून आरटीजीएस अहोरात्र सुरू झाली. बँकेच्या हाती मोकळी रात्र उरली नाही. आमच्या रायपुरात धानखरेदीच्या हंगामात शेतकऱ्यांच्या खात्यांत रकमा जमा होतात, त्याच वेळी पंडरीच्या कापडबाजारातील व्यापारी हिशेब मिटवून पैसे पाठवीत असतो. दोघांनाही विलंब परवडत नाही.

यावर तंत्रज्ञानाने उपाय दिला आहे. आयबीएमच्या मेनफ्रेमवर 'व्हीसॅम' फाइलींसाठी प्रथम एकेका नोंदीपुरते कुलूप लावण्याची सोय आली. तिच्यामुळे ग्राहकव्यवहारांचे अनेक प्रोग्राम एकत्र काम करू लागले. पण अशा सामायिक फाइली घाऊक कामांना केवळ वाचता येत. पुढे 'ट्रान्झॅक्शनल व्हीसॅम' ही सुविधा आली. तिने घाऊक कामांच्या बदलांचीही टिपणवही ठेवली आणि अर्धवट राहिलेले काम मागे घेण्याची हमी दिली.

तथापि, सुविधा विकत घेतली की प्रश्न सुटला, हा समज घातक आहे. जुने प्रोग्राम 'फाईल माझ्या एकट्याची' या गृहीतकावर लिहिलेले असतात. असा प्रोग्राम पहिल्यापासून शेवटच्या खात्यापर्यंत न थांबता धावला, तर बदललेल्या प्रत्येक नोंदीचे कुलूप अखेरपर्यंत अडकून राहते. ग्राहक पुन्हा ताटकळतोच. यास्तव ठरावीक खात्यांनंतर काम पक्के करून कुलपे सोडली पाहिजेत. हे फार वारंवार केल्यास काम रेंगाळते, फार विरळ केल्यास कुलपे साचतात. शिवाय काम मध्येच बंद पडल्यास पुन्हा कोठून आरंभ करावयाचा, याची नोंद हवी; अन्यथा एकाच खात्यावर व्याज दोनदा जमा होण्याचा धोका आहे. फाईल बदलत असताना काढलेली बेरीजही जुळेलच असे नाही. तिच्यासाठी निश्चित वेळमर्यादा ठरवावी लागते.

म्हणूनच हे नियोजन केवळ संगणक विभागावर सोपवू नये, असे माझे मत आहे. कोणते काम थांबू शकते आणि कोणते नाही, हे शाखेत बसणारा अधिकारीच जाणतो. एका फाइलीपासून आरंभ करावा, 31 मार्चच्या ताणाइतकी चाचणी घ्यावी आणि मगच पुढे जावे. ग्राहकाला कुलूप दिसत नाही. त्याला फक्त आपले पैसे वेळेवर पोहोचले की नाही, एवढेच दिसते.