एवढंसं तर काम आहे!

गॅदरिंगची तारीख नोटीस बोर्डवर लागली की आपल्या होस्टेलमध्ये दोन माणसांना एकदम भाव येतो. एक, ज्याच्याकडे मोठा स्पीकर आहे तो. आणि दुसरी, जिच्याकडे सुई-दोरा आहे ती! “आईची साडी आणलीय, फॉल लावून देशील?” “ब्लेझर दादाचं आहे, बाह्या दोन इंच कमी कर ना.” “ॲप्रनचं बटन तुटलंय, उद्या वर्कशॉप आहे, सर आत घेणार नाहीत!” मागण्या वेगवेगळ्या, पण शेवटचं वाक्य ठरलेलं : “एवढंसं तर काम आहे, पाच मिनिटांचं!”

मित्रांनो, माझं भांडण या वाक्याशी आहे.

नवीन शिवणं सोपं, शिवलेलं दुरुस्त करणं कठीण, हे शिवणारी कुठलीही बाई सांगेल. नव्या कापडात सगळं आपल्या हातात असतं. अल्टर करताना आधी दुसऱ्याची शिलाई उसवायची, तीही कापड न फाडता. कुर्ता बाजूने आत घ्यायचा तर नुसती एक टीप मारून भागत नाही. मुंढ्यापाशी बाही ओढली जाते, म्हणून बाहीची शिवणही थोडी उसवावी लागते. उसवलेल्या जागी जुन्या सुईची भोकं दिसतात, आत दडलेला गडद रंग बाहेर येतो. तो झाकायचा. मग टीप, मग इस्त्री. पाच मिनिटं तर दोऱ्याचा रंग जुळवण्यातच जातात!

आणि कपडा सैल करायचा असेल तर? तेव्हा एकच गोष्ट कामी येते, आत सोडलेलं जास्तीचं कापड. शिवणकामात त्याला ‘माया’ म्हणतात. कास्टिंगवर आपण मशीनिंग अलाउन्स सोडतो, तसंच काहीसं. फरक एवढाच की आपला अलाउन्स पुढे छिलून टाकण्यासाठी असतो आणि कपड्यातली माया माणूस वाढेल म्हणून जपून ठेवलेली असते. घरी शिवलेल्या फ्रॉकमध्ये ती भरपूर असते. रेडिमेडमध्ये कापड वाचवायचं असतं, त्यामुळे माया बेताचीच.

माप हे प्रकरणच असं आहे की ते घाऊक भावात जमत नाही. २०२४-२५ च्या शैक्षणिक वर्षात राज्य सरकारने सगळ्या सरकारी शाळांसाठी एकसारखा गणवेश ठरवला, कापड वरून आलं आणि शिलाई महिला बचत गटांकडे दिली. गणवेश उशिरा मिळाले, मापाला बसत नाहीत अशा तक्रारी राज्यभरातून आल्या. शेवटी डिसेंबर २०२४ मध्ये गणवेशाचं काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे देण्याचा निर्णय झाला. यात दोष शिवणाऱ्या बायकांचा नव्हे. ज्या पोराला घालायचंय त्याच्या खांद्याला टेप लावल्याशिवाय कपडा बसत नाही, इतकी साधी गोष्ट आहे. ओळखीच्या माणसासाठी शिवणारी बाई नेमकं हेच करते. एक खांदा खाली आहे, एक हात किंचित लांब आहे, हे तिला पाठ असतं.

मेकॅनिकलवाल्यांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगते. पायाने चालवायची मशीन म्हणजे आपल्या अभ्यासक्रमाचं अर्धं पुस्तक आहे. पायपट्टी खालीवर होते, क्रँकमुळे तिचं चाक फिरतं, चाकाची गती वर जाऊन पुन्हा सुईची खालीवर हालचाल होते. वरचा दोरा आणि बॉबिनचा दोरा यांची गाठ बरोबर कापडाच्या जाडीत पडली पाहिजे. ताण कमी-जास्त झाला की खालून दोऱ्याचे झुपके निघतात. जॉर्जेटला ११ नंबरची सुई, जीन्सला १६ किंवा १८ ची. हा ताण शिवणारी बाई कुठल्याही मीटरशिवाय बोटाने ओळखते. व्हायव्हात आपल्याला हेच विचारलं की आपण सरांच्या तोंडाकडे बघतो!

एलियास होव यांना शिलाई मशीनचं पेटंट १८४६ साली मिळालं, आयझॅक सिंगर यांना १८५१ साली. यंत्रांबद्दल कायम सावध असलेल्या गांधीजींनीही १९२४ साली दिल्लीत एका विद्यार्थ्याशी बोलताना सिंगरचं मशीन अपवाद मानलं. सिंगरने ते बायकोचे कष्ट बघून, प्रेमापोटी केलं, असं त्यांचं म्हणणं होतं. ठीक. कष्ट कमी झाले असतील. पण उरलेल्या कष्टाचा हिशेब कोणी ठेवला का?

आमच्या अर्जुनीकडच्या गावात आईची मशीन सगळ्यात जास्त केव्हा चालते? दिवाळीत. भाऊबीज झाली की गावोगाव मंडई भरते, रात्री नाटक असतं, पाहुणे येतात, सगळ्यांना नवे कपडे हवे असतात. आणि नेमका तोच धानाच्या कापणीचा हंगाम! दिवसा बांधीत विळा, रात्री मशीनवर टीप. आईची एक वही आहे. त्यात नाव, कपडा आणि पैसे असे तीन रकाने. गावातल्या गिऱ्हाइकापुढे आकडा असतो. मामी, आत्या, शेजारची काकू, बाबांच्या मित्राची मुलगी यांच्यापुढे नुसती रेघ. मागच्या दिवाळीत मी त्या रेघा मोजल्या. १४ ब्लाऊज, ६ परकर, २ फ्रॉक, आणि फॉल-पिको वेगळंच. गावच्या भावाने हिशेब केला तर माझं एका महिन्याचं मेसचं बिल सुटत होतं. आईला म्हटलं, तर म्हणाली, “आपल्याच माणसांचे कसले पैसे घेतेस बापा!” आणि ती आपली माणसं काय म्हणतात? “करून देजो ना, एवढंसं तर काम आहे.”

मोठ्या हिशेबातही हीच रेघ आहे. राष्ट्रीय उत्पन्न मोजण्याच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत घरच्यासाठी नवीन फ्रॉक शिवला तर ते वस्तूचं उत्पादन, ते धरायचं. तोच फ्रॉक पुढच्या वर्षी माया उसवून मोठा करून दिला तर ती घरगुती सेवा, ती धरायची नाही! केंद्र सरकारच्या २०२४ च्या टाइम यूज सर्व्हेत दिसतं की बिनमोबदला घरकाम करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात, तर ते करणाऱ्या पुरुषांचे ८८. दुसरीकडे, सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेच्या १८ व्यवसायांत सुतार, लोहार, कुंभार यांच्या रांगेत शिंपीही आहे, अवजारांसाठी १५ हजारांपर्यंत मदत आहे. म्हणजे सरकार ज्याला कारागिरी म्हणतं, ते घरात मात्र “एवढंसं काम” ठरतं.

आता कोणी म्हणेल, मग काय नात्यात बिल फाडायचं? अजिबात नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. आपल्याकडे रोवणीच्या वेळी आज आम्ही तुमच्या बांधीत, उद्या तुम्ही आमच्या बांधीत, असं चालतं. पैसा फिरत नाही, पण हिशेब चोख असतो. ज्याने मदत घेतली तो दुसऱ्या दिवशी परे घेऊन चिखलात उभा राहतो. शिवणकामात मात्र मदत एकाच बाजूने वाहते. ‘फुकट ते पौष्टिक’ हा आपला बाणा! मैत्रिणीने रात्री बारापर्यंत जागून चार जणींचे ब्लाऊज बसवून दिले, तिची सबमिशनची फाईल मात्र तशीच पडून. तेव्हा ती फाईल लिहू लागायला कोण येतं?

म्हणून होस्टेलसाठी तीन साध्या गोष्टी सुचवते. रेक्टर सरांनी आणि मॅडमनी मनावर घ्याव्यात.

पहिली, मुलामुलींच्या दोन्ही होस्टेलच्या कॉमन रूममध्ये एकेक शिलाई मशीन ठेवावी. कॅरम आहे, टीव्ही आहे, ही पण असू दे.

दुसरी, दरवर्षी पहिल्या वर्षाच्या मुलांना दोन शनिवार शिकवावं. बटन लावणं, उसवलेली शिवण घालणं, पँटची लांबी कमी करणं. मुलांनाही, हो! फिटिंग शॉपमध्ये तासन् तास कानस घासणाऱ्या हाताला सुई जड होऊ नये. शिकवायला गावातल्या एखाद्या शिवणाऱ्या ताईंना मानधन देऊन बोलवावं, ‘सेवा’ म्हणून नव्हे.

तिसरी, नोटीस बोर्डवर दरपत्रक लावावं. फॉल, चेन, बाह्या, लांबी. पैसे द्यायचे नसतील त्याने तितक्या वेळाचं काम करून द्यावं. नोट्स, जर्नल, डोक्यात न शिरणारं गणित, काहीही. दोरा, चेन, बटन ज्याचं त्याने आणावं. आणि गॅदरिंगच्या आदल्या रात्री काम घेऊन येणाऱ्याला दुप्पट!

एवढं केलं तर एक गोष्ट नक्की होईल. ज्याने स्वतः एकदा पँटची मोहरी उसवून सरळ टीप मारून पाहिली, तो पुन्हा कुणाला “पाच मिनिटांचं काम” म्हणणार नाही. आणि सुट्टीत घरी गेल्यावर आई मशीनवर बसलेली दिसली, तर “माझं पण एक करून दे” म्हणण्याआधी निदान सुईत दोरा ओवून देईल, आणि पुढची वही स्वतः लिहायला घेईल. सगळे आकडे टाकून. एकही रेघ न मारता.