संगणकापुढील माणसाचा वाली कोण?

ज्या कामात घाम गळत नाही ते काम कष्टाचे नव्हे, अशी आपल्याकडे एक जुनी समजूत आहे. कचेरीतला कारकून सावलीत, पंख्याखाली बसतो. मग त्याचे दुखते तरी काय, असे सहज विचारले जाते. पादुआ विद्यापीठातील वैद्यकाचे प्राध्यापक बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी मात्र व्यवसायजन्य रोगांवरील आपल्या ग्रंथाच्या १७१३ च्या आवृत्तीत लेखनिकांच्या विकारांची स्वतंत्र दखल घेतली आणि त्यांची तीन कारणे सांगितली : सततची बैठक, हाताची एकाच तऱ्हेची अखंड हालचाल आणि चूक होऊ नये म्हणून मनावर पडणारा ताण. लेखणी मागे पडली, टंकयंत्र आले, त्याचीही जागा संगणकाने घेतली. कारणे मात्र तीच राहिली. त्यांत डोळ्यांच्या शिणाची भर तेवढी पडली.

वर्धा जिल्ह्याला हा विचार परका वाटू नये. गांधीजींनी १९०९ साली ‘किल्डोनन कॅसल’ या जहाजावर ‘हिंद स्वराज’ लिहिले, तेव्हा उजवा हात थकल्यावर सुमारे चाळीस पाने डाव्या हाताने लिहिली. १९३७ साली वर्ध्याच्याच शिक्षण परिषदेत, हाताचे काम आणि बुद्धीचे शिक्षण यांची फारकत करू नये, हा विचार देशापुढे मांडला गेला. आज त्यांच्या नावाचे आंतरराष्ट्रीय हिंदी विद्यापीठ वर्ध्यात उभे आहे. कोणत्याही विद्यापीठाप्रमाणे तेथेही प्रवेश, परीक्षा, वेतन, ग्रंथालय व संशोधन यांचा व्यवहार संगणकावाचून चालणे आता अशक्यच. तेव्हा त्या यंत्रापुढे बसणाऱ्याच्या मान, मनगट व डोळ्यांची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न विचारण्यास वर्ध्याहून योग्य स्थान कोणते?

कायद्याकडे पाहावे तर तेथे फारसा आधार सापडत नाही. केवळ संगणक कक्ष आहे एवढ्याने एखादी जागा कारखाना ठरत नाही, असे स्पष्टीकरण १९४८ च्या कारखाने अधिनियमात १९८७ साली घालण्यात आले. व्याख्या म्हणून ते चुकीचे नाही. परंतु कामगाराला यंत्राबाबत मिळालेले तपशीलवार संरक्षण त्यामुळे लेखनिकाच्या वाट्याला आले नाही. ब्रिटनने १९९२ साली पडद्यावरील कामासाठी स्वतंत्र नियम केले. बैठकीची तपासणी करणे, कामात खंड ठेवणे, प्रशिक्षण देणे आणि कर्मचाऱ्याने मागितल्यास स्वखर्चाने नेत्रतपासणी करवणे ही कर्तव्ये तेथे मालकावर आहेत. तथापि हे नियमही नोकरदारापुरतेच आहेत. रात्र रात्र प्रबंध टंकित करणारा विद्यार्थी त्यांच्या कक्षेबाहेरच राहतो.

आपल्या विद्यापीठांतून खरी अडचण बारभाई कारभाराची असते. खुर्च्या खरेदी समिती घेते, दिवे स्थापत्य विभाग लावतो, संगणक केंद्र यंत्रे मांडते आणि बसणाऱ्याला कोणीच विचारत नाही. म्हणून जबाबदारीची वाटणी नावानिशी आणि लेखी व्हावयास हवी. उंची कमीजास्त होणारी खुर्ची, सुस्थितीतील वीजजोडणी आणि नेत्रतपासणीची सोय ही प्रशासनाची जबाबदारी. पडद्यावर खिडकीची तिरीप येत नाही ना, दर तासाला पाचदहा मिनिटे दुसरे काम किंवा विश्रांती मिळते ना, हे पाहणे विभागप्रमुखाचे. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला आणि पडदा हातभर अंतरावर ठेवणे, पाय जमिनीवर टेकवून बसणे, मुंग्या येऊ लागताच वेळीच कळवणे हे स्वतः काम करणाराचे. मात्र कळवणाऱ्याला कामचुकार समजले जाणार नाही, अशी हमी वरिष्ठांनी दिल्याखेरीज हे शेवटचे कर्तव्य कोणी पाळणार नाही.

ही वाटणी करताना दोन वर्ग विसरले जाण्याचा धोका मोठा आहे : कंत्राटी टंकलेखक आणि विद्यार्थी. एकाचा मालक कागदोपत्री दुसराच असतो, तर दुसऱ्याला मालकच नसतो. मनगटाच्या शिरेला मात्र नेमणुकीचा प्रकार कळत नाही. जो विद्यापीठाच्या यंत्रापुढे बसला तो विद्यापीठाच्या काळजीतला, असा साधा नियम करावा.

पैशाची सबब येथे फार टिकणारी नाही. पाय टेकण्यास लाकडी पाट, पडदा उंचावण्यास घडवंची आणि उन्हाची तिरीप अडवण्यास जाड पडदा एवढ्याने पुष्कळ काम होते. ते गावचा सुतार व शिंपीही करून देईल. तपासणीसाठी दूर जाण्याचेही कारण नाही. सेवाग्रामला १९६९ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. उणीव असेल ती साधनांची नसून, हे काम आपले आहे असे म्हणणाऱ्याची असेल. श्रमाची प्रतिष्ठा ज्या भूमीने शिकवली, तेथे खुर्चीवरील श्रमही श्रमच मानले जावेत, एवढी अपेक्षा अवाजवी ठरू नये.