कंसातला दरूद कोण म्हणणार?

गेल्या महिन्यात आमच्या अम्मीचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. डॉक्टरांनी काही दिवस वाचन बंद सांगितले. अम्मीला जोहरच्या नमाजनंतर दोन पाने वाचल्याशिवाय झोप लागत नाही. शेवटी आमच्या मुलीने मोबाईलवर एक मराठी दीनी लेख उघडला, ऐकण्याचे बटण दाबले आणि मोबाईल दादीच्या उशाशी ठेवून दिला. बाईचा आवाज, स्वच्छ मराठी, कुठे अडखळणे नाही. अम्मी खूश झाली. पाच मिनिटांनी तिने आम्हाला हाक मारली, "बेटा, ये कौन बाई है? नाम लेती, पर दरूद नहीं पढती?"

आम्ही मोबाईल हातात घेऊन पाहिले. लेखात छापले होते, 'प्रेषित मुहम्मद (स.)'. मराठीत लिहिणाऱ्या आपल्या मंडळींची ही जुनी रीत. जागा वाचावी म्हणून एक अक्षर कंसात ठेवायचे आणि बाकीचे वाचणाऱ्याच्या तोंडावर सोडायचे. आपल्या घरातले लहान मूलही तिथे थांबून 'सल्लल्लाहु अलैहि वसल्लम' म्हणते. यंत्राने नुसते 'स' म्हटले आणि पुढे निघून गेले. त्याला दोष कसा द्यायचा? जे लिहिले तेच त्याने वाचले. ती बाई नाही, यंत्र आहे, हे आम्ही अम्मीला समजावले. तिने मान हलवली आणि प्रत्येक 'स' नंतर स्वतः दरूद म्हणत लेख शेवटपर्यंत ऐकला.

त्या दिवसापासून आम्ही कान देऊन ऐकू लागलो. मराठीतला 'ज' दोन तऱ्हेने उच्चारतात. 'जय' मधला वेगळा, 'जागा' मधला वेगळा. लिहिताना मात्र खूण एकच. उर्दूत जाल, जे, जाद, जोय अशी चार वेगळी अक्षरे, आणि हजचा जीम त्याहून निराळा. (ही नावे लिहितानाही आम्हाला एकच 'ज' वापरावा लागला, पाहा.) हिंदीत खाली नुक्ता देतात, मराठीत ती पद्धत नाही. त्यामुळे 'नमाज' मध्ये 'जय' चा ज आला आणि 'हज' मध्ये 'जागा' चा. 'जकात' तेवढी बरोबर उच्चारली गेली. अर्थात नाक्यावरची जकातही तशीच म्हणतात, म्हणून असेल!

आम्ही लिहिणारे आजवर अर्धे काम वाचकावर टाकत आलो, हे आम्हाला या वयात यंत्राने दाखवून दिले.

आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीत ही अडचण फक्त आपली नाही. गोंडी बोलणारे देशात 2011 च्या जनगणनेप्रमाणे जवळपास 30 लाख. 2018 मध्ये सीजीनेट स्वर आणि मायक्रोसॉफ्ट रिसर्च यांनी 'आदिवासी रेडिओ' नावाचे ॲप काढले. देवनागरीत लिहिलेल्या गोंडी बातम्या ते मोठ्याने वाचून दाखवी. गोंडीचा स्वतःचा यांत्रिक आवाज नव्हता, म्हणून लिपी एक असल्याने हिंदीच्या आवाजावर काम भागवले. सप्टेंबर 2025 मध्ये केंद्राच्या आदिवासी मंत्रालयाने 'आदि वाणी' सुरू केले. त्यात गोंडी आहे, पण ती छत्तीसगडची. एटापल्ली-भामरागडच्या आजीला ती आपली वाटेल का, हे तिलाच विचारावे लागेल. तरी ज्यांना अक्षर येत नाही त्यांच्यापर्यंत लिहिलेली बातमी पोहोचते, ही लहान गोष्ट नाही.

आता लिहिणाऱ्यांचे ऐका. अमेरिकेत 2009 मध्ये किंडल या वाचनयंत्राची दुसरी आवृत्ती पुस्तक बोलून दाखवू लागली. तेथील लेखकांच्या संघटनेने, ऑथर्स गिल्डने, हरकत घेतली. ध्वनिपुस्तकाचा हक्क वेगळा, त्याचा मोबदला वेगळा, असे त्यांचे म्हणणे. कंपनीने मग ही सोय ठेवायची की नाही, हे प्रत्येक पुस्तकाच्या हक्कधारकावर सोडले. त्यावर अंध वाचक गिल्डच्या न्यूयॉर्कमधील कचेरीसमोर निदर्शनाला उभे राहिले. आम्ही लेखकांच्या बाजूचे खरे, पण अम्मीला डोळ्यावर पट्टी बांधून पडलेले पाहिले आणि मन त्या अंध वाचकांकडे झुकले. आपल्या देशाने 2012 च्या कॉपीराइट दुरुस्तीत अपंगांसाठी मजकुराचे रूप बदलून देण्याची मुभा दिली. मोरोक्कोच्या मराकेश शहरात याच कामासाठी झालेल्या कराराला 2014 मध्ये सर्वांत आधी मान्यता देणारा देशही आपलाच.

आवाज कोणाचा, हा प्रश्न निराळा. 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आशा भोसले यांच्या आवाजाची यंत्राने नक्कल करणाऱ्यांना अंतरिम मनाई केली. आमच्या आवाजाची नक्कल करायला कोण येणार म्हणा! पण आमचाच एक जुना लेख आम्ही यंत्राकडून ऐकला, तेव्हा अंगावर काटा आला. शाळेच्या वेळापत्रकावर एक थट्टेचे वाक्य होते, ते त्याने शासन निर्णय वाचावा तसे वाचले. 'आम्ही' आमचे आणि बोलणारे दुसरेच कोणी. म्हणून आमचे म्हणणे एवढेच, लेखकाला आधी विचारावे आणि आवाज यंत्राचा आहे हे ऐकणाऱ्याला सुरुवातीलाच सांगावे. अम्मी त्याला बाई समजून बसली होती.

यंत्राने घरातली एक गोष्ट मात्र गुपचूप नेली. आमच्या अब्बांना उर्दू येत होती, मराठी अक्षरे नाहीत. रोज संध्याकाळी आम्ही त्यांना मराठी पेपर वाचून दाखवत असू. आमची मराठी त्या ओट्यावर तयार झाली, बी.एड. नंतरचे. आमची मुलगी इंग्रजी माध्यमात शिकते. बटण दाबायला तिला एक क्षण लागला, तोच लेख वाचायला पाऊण तास लागला असता. आता आम्ही दुपार यंत्राला दिली आहे आणि मगरिबनंतरचे एक पान मुलीला. जोडाक्षर आले की ती अडकते, दादी थांबते. परवा दादीच म्हणाली, बाई बरी आहे पण तिला दम लागत नाही, म्हणून मला विचार करायला वेळ मिळत नाही.

संपादकांना आम्ही कळवले आहे की, आमच्या मजकुरात यापुढे कंसातला 'स.' ठेवू नये, पूर्ण शब्द छापावेत. जागा कमी पडली तर आमच्याच लेखातल्या चार ओळी कापाव्यात.