संगणकाचेही वार्धक्य

आमचे अण्णा, म्हणजे माझे सासरे, निवृत्त मुख्याध्यापक आहेत. वय ८३. रोज सकाळी सातला रक्तदाब मोजायचा आणि चहा झाला की ते आकडे लॅपटॉपवरील तक्त्यात नोंदवायचे, हा त्यांचा नऊ वर्षांचा नेम. गेल्या पावसाळ्यात एका सोमवारी तो लॅपटॉप सुरूच होईना. पडदा काळा, एक दिवा तेवढा लुकलुकत होता. गुरुवारी डॉक्टरांची भेट ठरलेली होती. गोळीची मात्रा बदलायची की नाही, हे गेल्या तीन महिन्यांच्या आकड्यांवरून ठरायचे होते आणि वही तर अण्णांनी केव्हाच बंद केली होती.

जवळच्या दुकानदाराने वरवर पाहून सांगितले, "फॉरमॅट करावा लागेल." फॉरमॅट करणे म्हणजे आतील सारे पुसून पाटी कोरी करणे. माझे यजमान म्हणाले, "अण्णा, जाऊ द्या, नवाच घेऊ." अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग हळूच म्हणाले, "नवा घेतलास तर मला पुन्हा पहिलीत बसावं लागेल रे."

ते वाक्य माझ्या मनात घर करून राहिले. कोणते बटण कोठे आहे, नातीचा व्हिडिओ कॉल कसा घ्यायचा, हे वृद्ध माणसाने मोठ्या कष्टाने हातवळणी पाडलेले असते. ती ओळखीची मांडणी एका दिवसात बदलली की त्याचा आत्मविश्वासच डळमळतो. विस्मरणाचा त्रास सुरू झालेल्यांच्या बाबतीत तर हे अधिकच खरे. म्हणून घरातील जुना संगणक शक्य तितका काळ नीट चालू ठेवणे, हा मी आता शुश्रूषेचाच एक भाग मानते.

दुसऱ्या तंत्रज्ञाने लॅपटॉप उघडला. दमट हवेमुळे रॅमच्या पट्टीच्या टोकांवर पुट चढले होते. त्याने ती टोके चक्क साध्या खोडरबराने पुसली आणि पडदा उजळला! आमचा गुरुवार साधला. मात्र त्या दिवसापासून आम्ही काही पथ्ये पाळतो. ती वाचकांपुढे ठेवते.

पहिले पथ्य म्हणजे प्रत. यंत्र बदलता येते, आतील नोंदी बदलून मिळत नाहीत. वैद्यकीय अहवाल, नोंदींचे तक्ते, छायाचित्रे यांच्या एकूण तीन प्रती असाव्यात: एक संगणकात, एक बाहेरील हार्ड डिस्कवर आणि एक घराबाहेर, मुलाकडे किंवा ऑनलाइन साठ्यात. महिन्यातून एक दिवस त्यासाठी ठरवून घ्यावा. रक्तदाबाचा तक्ता छापून औषधांच्या फाइलीत ठेवला, तर ऐनवेळी वीज गेली तरी अडत नाही. दुरुस्तीला देताना "आधी माहिती उतरवून घ्या, मगच हात लावा" असे पावतीवर लिहून घ्यावे.

लॅपटॉप अचानक बंद पडला तर घाबरू नये. चार्जर काढावा, बॅटरी बाहेरून निघणारी असेल तर तीही काढावी आणि चालू करण्याचे बटण अर्धा मिनिट दाबून धरावे. नंतर फक्त चार्जर जोडून पाहावे. साचलेला विद्युत्भार निघून गेल्यावर कित्येकदा यंत्र पूर्ववत सुरू होते. चार्जर लावण्याचे भोक सैल झाले आहे का आणि भिंतीवरील सॉकेटमध्ये वीज आहे का, हेही आधी पाहावे.

बॅटरीकडे मात्र दुर्लक्ष नको. लॅपटॉपचे झाकण नीट मिटेनासे झाले, माऊसची पट्टी वर उचललेली दिसली किंवा तळ फुगला, तर आतील लिथियम बॅटरीत वायू साचल्याचे ते लक्षण असते. अशा वेळी चार्जर काढावा, लॅपटॉप बंद करून अंथरूण-पडद्यांपासून दूर ठेवावा आणि तंत्रज्ञाला बोलवावे. फुगलेली बॅटरी दाबू नये, टोचू नये, कचऱ्यात टाकू नये. तिच्यामुळे आग लागू शकते.

संगणकाचे घड्याळ वारंवार मागे पडते आणि बँकेचे संकेतस्थळ उघडत नाही, ही जुन्या यंत्रांची आणखी एक तक्रार. बहुधा आतील नाण्याएवढी बॅटरी संपलेली असते. ती बदलणे स्वस्त आणि सोपे आहे. पण जुनी काढलेली बॅटरी टेबलावर पडू देऊ नका. घरातील लहान नातवंडाने ती गिळली आणि ती अन्ननलिकेत अडकली, तर अवघ्या दोन तासांत गंभीर जखम होऊ शकते. तशी शंका जरी आली, तरी क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे.

यंत्र फार तापत असेल, तर ते गादीवर किंवा मांडीवरील शालीवर ठेवू नये. त्याने हवेची छिद्रे बुजतात. वर्षातून एकदा आतील धूळ साफ करून घ्यावी. यंत्र केवळ मंद झाले असेल, तर फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवावी. जुन्या लॅपटॉपला त्याने नवी उमेद येते. काही कळा बिघडल्या, तर बाहेरून मोठ्या अक्षरांचा कीबोर्ड जोडता येतो. कापऱ्या हातांना तो अधिक सोयीचाही पडतो.

विंडोज १० ची नियमित सुरक्षा-सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली आणि अनेक जुन्या लॅपटॉपवर विंडोज ११ बसत नाही. अशा यंत्रावर लिनक्स मिंटसारखी विनामूल्य प्रणाली घालता येते. ते जमत नसेल, तर बँकेचे व्यवहार त्यावर करू नयेत. लेखन, वाचन, जुनी गाणी यांसाठी ते खुशाल वापरावे. "तुमच्या संगणकात व्हायरस शिरला आहे" असा फोन आला किंवा पडद्यावर तसा इशारा नंबरासह झळकला, तर त्यावर विश्वास ठेवू नये. कुणाला दुरून संगणकाचा ताबा देऊ नये. पैसे गेलेच, तर लगेच १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

आणि नवे यंत्र घेणे अटळच झाले, तर जुने लगेच हलवू नका. दोन्ही काही आठवडे शेजारी शेजारी राहू द्या, चित्रे त्याच जागी मांडा, अक्षरे मोठी करा. आमच्याकडे ती वेळ अजून आलेली नाही. अण्णांनी मात्र आता वही पुन्हा सुरू केली आहे. आधी वहीत, मग तक्त्यात. लॅपटॉपशेजारी एक खोडरबरही ठेवले आहे. "लागलंच तर," असे म्हणून ते हसतात.