गुणपत्रिकेवर उभे असलेले उपनगर

अमेरिकेतील डेट्रॉइट शहराच्या पूर्व अंगाला, सेंट क्लेअर तलावाच्या काठी, ग्रोस पॉइंट या नावाने ओळखली जाणारी पाच गावे एकमेकांना लागून वसली आहेत. मोटारधंद्यात मिळालेली अफाट संपत्ती येथे येऊन विसावली. तेथील प्रासाद आणि क्लब आज वास्तुकलेचा वारसा म्हणून नावाजले जातात. एड्सेल फोर्ड याच्या घराला २०१६ साली राष्ट्रीय ऐतिहासिक स्मारकाचा दर्जाही मिळाला. या वास्तूंविषयी लिहिणारे रसिक लोक एक अट मात्र आवर्जून घालतात: दगडविटांच्या सौंदर्यात राजकारण आणू नका. ही अट आम्हाला मान्य नाही, कारण राजकारण या दगडविटांत बांधणाऱ्यांनीच घातलेले आहे.

फोर्डचेच घर घ्या. ते १९२९ साली पुरे झाले. इंग्लंडमधील कॉट्सवोल्ड भागातील खेडुतांच्या दगडी घरांचे रूप एड्सेलला भावले होते, म्हणून साठ खोल्यांच्या प्रासादाला त्या खेडवळ घरांचा वेष चढवण्यात आला. छपराच्या दगडी फरश्या रचण्यासाठी कॉट्सवोल्डचे कारागीर आणले. इंग्लंडमधल्या जुन्या वाड्यांतील लाकूडकाम उखडून येथे बसवले. गरिबांच्या घराचे सौंदर्य श्रीमंतांना नेहमीच मोह घालते. गरीब मात्र शेजारी नको असतो! त्याच वर्षी ४ जुलैला ग्रोस पॉइंट यॉट क्लबची व्हेनिसच्या धर्तीवरील इमारत थाटात खुली झाली. ऑक्टोबरात शेअरबाजार कोसळला.

पुढे काय झाले ते वास्तुकलेच्या पुस्तकांत सापडणार नाही. ७ मार्च १९३२ रोजी काही हजार बेकार कामगार काम आणि भाकरी मागत फोर्डच्या रूज कारखान्यावर चालून गेले. पोलीस व कंपनीचे रक्षक यांनी गोळ्या झाडल्या. चौघे ठार झाले, पाचवा जखमी पुढे काही महिन्यांनी दगावला. त्या वेळी कंपनीचा अध्यक्ष, निदान कागदोपत्री, एड्सेलच होता. वर्ष उलटण्यापूर्वी याच एड्सेलच्या पैशाने दिएगो रिव्हेरा हा मार्क्सवादी चित्रकार डेट्रॉइटच्या कलासंग्रहालयात कामगारांची भित्तिचित्रे रंगवीत होता. कामगार भिंतीवर चितारलेला चालतो, फाटकाशी आलेला चालत नाही.

आता हे प्रासाद रेखाटले कोणी ते पाहू. फोर्डच्या घराचा वास्तुविशारद आल्बर्ट कान हा जर्मनीत जन्मलेला ज्यू. रूजचा कारखानाही त्याचाच. ॲना डॉज या मोटारसम्राज्ञीचा ‘रोझ टेरेस’ हा फ्रेंच थाटाचा प्रासाद मंदीच्या ऐन काळात, १९३४ साली उभा राहिला. तो फिलाडेल्फियाच्या होरेस ट्रम्बावर यांच्या कार्यालयाने रचला. त्या कार्यालयाचा मुख्य रचनाकार ज्युलियन एबल हा कृष्णवर्णीय होता.

या दोघांना ग्रोस पॉइंटमध्ये घर विकत घेता आले असते काय? दुसऱ्या महायुद्धानंतर तेथील घरांचे दलाल आणि मालमत्ताधारक यांच्या संघांनी एक गुणपद्धती चालवली. गिऱ्हाइकामागे खाजगी गुप्तहेर लावून प्रश्नावली भरली जाई. राहणी अमेरिकन धाटणीची आहे काय? बोलण्यात परका हेल किती? कातडी कितपत सावळी? मित्र कोण? एकूण १०० गुणांपैकी सर्वसाधारण माणसाला ५० पुरत. पोलिश वंशाच्याला ५५ लागत, इटालियन वा ग्रीकाला ६५, ज्यूला ८५. कृष्णवर्णीय आणि आशियाई यांची प्रश्नावलीच भरली जात नसे. कानला ८५ गुण जमवावे लागले असते, एबलला कागदसुद्धा मिळाला नसता. डेट्रॉइटच्या मोटारधंद्यात पुढे नाव काढलेल्या आपल्या मराठी अभियंत्यांनाही हेच उत्तर मिळाले असते. जन्मावरून माणसाची प्रतवारी करण्याची विद्या केवळ आपल्याच देशात आहे असा ज्यांचा समज असेल, त्यांनी हे गुणपत्रक जरूर अभ्यासावे.

१९६० साली हा प्रकार चव्हाट्यावर आला. यावर रसिकांचा युक्तिवाद असा, की दोष दलालांचा, इमारती निष्पाप. पण ज्या ‘वातावरणा’ची स्तुती हे लोक करतात, ती झाडी, ती शांतता, तो सुसंस्कृत शेजार, ते वातावरण टिकवण्याचे यंत्र म्हणजेच ते गुणपत्रक होते. वंशावरून घर नाकारणाऱ्या करारांची अंमलबजावणी न्यायालयांनी करू नये, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९४८ सालीच दिला होता. त्या खटल्यांपैकी एक डेट्रॉइटचाच होता. गुणपद्धती ही त्या निकालावरची पळवाट ठरली. डेट्रॉइट व उपनगरांतील शाळांचे वर्णभेदाविरुद्ध एकत्रीकरण करण्याचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे गेला, तेव्हा अपील करणाऱ्यांत ग्रोस पॉइंटची शाळाव्यवस्था होती. १९७४ साली पाच विरुद्ध चार मतांनी उपनगरे सुटली. २०१४ साली तर ग्रोस पॉइंट पार्कने डेट्रॉइटहून येणाऱ्या केरचेव्हल रस्त्यावर बाजाराचे बांधकाम उभारून वाटच अडवली. ओरड झाल्यावर ते हलवावे लागले. आदल्याच वर्षी डेट्रॉइटने दिवाळे जाहीर केले होते.

तेव्हा हे वाडे पाडा, असे आमचे म्हणणे आहे काय? मुळीच नाही. रोझ टेरेस १९७६ साली जमीनदोस्त झाला. त्या जागी कामगारांची चाळ आली नाही, पैसेवाल्यांचीच नवी घरे आली. पाडापाडीने मालकी बदलत नाही. शिवाय त्या छपरांत कारागिरांचे हात आहेत. वास्तू जरूर राखाव्यात, पण मग सारे राखावे. बिछायती आणि झुंबरे दाखवणाऱ्या वाटाड्याने ती प्रश्नावलीही भिंतीवर टांगावी. कान आणि एबल यांची नावे घेताना त्यांना किती गुण पडले असते तेही सांगावे. रूजच्या फाटकावर पडलेल्या पाच जणांचा उल्लेख फोर्डच्या दिवाणखान्यात व्हावा.

आणि १४ मार्च १९६८ ची रात्रही दाखवावी. त्या रात्री मार्टिन ल्यूथर किंग ग्रोस पॉइंटच्या शाळेत ‘दुसरी अमेरिका’ या विषयावर बोलले. सभागृहातून त्यांना वारंवार हुर्यो आणि शिव्या ऐकाव्या लागल्या. तरी त्यांनी भाषण पुरे केले. तीन आठवड्यांनी मेम्फिसला त्यांचा खून झाला. सफाई कामगारांच्या संपाला पाठिंबा देण्यासाठी ते तेथे गेले होते.