दारातली तीन फुटांची वाट

वाड्यात ओटी होती, पडवी होती. जोडे, छत्री, काठी सारे तिथेच राही. फ्लॅटमध्ये ते सारे काम दारामागच्या चिंचोळ्या बोळावर येऊन पडते. दिवाळीच्या फराळाला चार पाहुणे एकदम आले, की जोड्यांच्या त्या ढिगात म्हाताऱ्या माणसाने पाय ठेवायचा कुठे? म्हणून माझे सांगणे एवढेच: सजावट भिंतींना द्यावी, जमीन पावलांसाठी राखावी.

थोडा हिशेब करू. बोळ ३६ इंच रुंद. त्यात १४ इंच खोलीचे चपलांचे कपाट ठेवले, की उरतात २२ इंच. चाकांची खुर्ची साधारण २५ इंच रुंद असते; घरात कुणाला तिची गरज पडली, तर ती दारातच अडायची! तेच कपाट पुढे कलणाऱ्या खणांचे, ७ इंचांचे घ्यावे. जोडे आत उभे राहतात आणि २९ इंच वाट मोकळी मिळते.

आरसा लांबीकडच्या भिंतीवर लावावा. बोळ रुंद भासतो. भिंतींना फिका रंग द्यावा. खुंट्यांवर किल्ल्या, छत्री, टोपी एवढेच. दप्तरांनी आत जावे. पायपुसणे रबरी तळाचे, न सरकणारे असावे. दिव्याचे बटण दारातच हाताशी हवे. रांगोळीही उंबऱ्याच्या एका अंगाला काढावी, म्हणजे ती वाचते आणि पाहुणाही.

शेवटी माझी परीक्षा सोपी आहे. रात्री वीज गेली, तरी आजीला भिंतीला हात लावून दारापर्यंत जाता आले, तर बोळ सजला म्हणावे.